फंक्शन ट्रेस करताना कोणती रजिस्टरं साठवायची, आणि कोणासाठी?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. तुम्ही लिनक्ससाठी एक मॉड्यूल लिहिलं आहे. ते एफट्रेस, म्हणजे कर्नलमधली फंक्शनांचा माग काढणारी सोय, वापरून ड्रायव्हरमधल्या एका फंक्शनला कॉलबॅक (ते फंक्शन सुरू होताच चालणारं तुमचं फंक्शन) जोडतं. ६४-बिट इंटेल लॅपटॉपवर पहिलं आर्ग्युमेंट, म्हणजे आरडीआय रजिस्टर (प्रोसेसरमधला छोटा साठवण-कप्पा), बरोबर वाचता येतं. पण आरबीएक्स आणि आर१२ मध्ये भलतेच आकडे दिसतात. सगळी रजिस्टरं साठवायला सांगणारा 'सेव्ह_रेग्ज' फ्लॅग लावला की आकडे ठीक होतात, पण मशीन मंदावतं. तेच मॉड्यूल आर्म६४ बोर्डावर नेलं तर नोंदणीच होत नाही, 'ईइनव्हॅल' (मागणी अवैध असल्याची त्रुटी) परत येतं. तुम्ही विचारता, कर्नल सरसकट सगळी रजिस्टरं का साठवत नाही? आणि स्वतःचं ट्रॅम्पोलिन, म्हणजे ट्रेस होणारं फंक्शन आणि कॉलबॅक यांच्यामधला असेंब्लीचा छोटा तुकडा, लिहायचं ठरवलं तर कमीत कमी कोणती साठवावी लागतील?

माझ्या मते घोळ 'साठवणे' या शब्दात आहे. ट्रेसिंगमध्ये रजिस्टर दोन अगदी वेगळ्या कारणांसाठी स्टॅकवर ठेवलं जातं. एक, मूळ फंक्शनला काही कळू न देता त्याची किंमत परत जागेवर ठेवायची असते म्हणून. दोन, कॉलबॅकला ती किंमत बघायची असते म्हणून. पहिल्याला मी जपणं म्हणतो, दुसऱ्याला दाखवणं. आरबीएक्स जपण्यासाठी ट्रॅम्पोलिनला काहीच करावं लागत नाही; दाखवायचं असेल तर मात्र मुद्दाम मेहनत घ्यावी लागते. तुमच्या तिन्ही अडचणी या फरकातून सुटतात.

आधी जपण्याचं बघू. एफट्रेस २००८ साली २.६.२७ कर्नलमध्ये आलं. स्टीव्हन रॉस्टेट हे त्याचे मुख्य लेखक. आजच्या एक्स८६-६४ वर, म्हणजे तुमच्या ६४-बिट इंटेलवर, कर्नल '-पीजी' आणि '-एमफेंट्री' हे पर्याय देऊन बांधलं जातं, त्यामुळे ट्रेस होऊ शकणाऱ्या प्रत्येक फंक्शनच्या अगदी सुरुवातीला '__फेंट्री__' ला कॉल बसतो. कर्नल बांधताना किंवा मशीन सुरू होताना त्या पाच बाइटच्या कॉलच्या जागी पाच बाइटचा नॉप (काहीच न करणारी सूचना) लिहिला जातो, आणि ट्रेसिंग चालू केलं की त्याच जागी 'एफट्रेस_कॉलर' या कर्नलच्या ट्रॅम्पोलिनकडे जाणारा कॉल येतो.

इथली मेख अशी की हा कॉल नेहमीच्या कॉलसारखा नाही. सी मध्ये तुम्ही एखादं फंक्शन बोलावता तेव्हा कंपायलरला माहीत असतं की आरएएक्स, आरसीएक्स, आरडीएक्स, आरएसआय, आरडीआय आणि आर८ ते आर११ ही रजिस्टरं परत येईपर्यंत बिघडू शकतात. त्यात कामाचं काही असेल तर तो आधीच बाजूला ठेवतो. फेंट्रीचा कॉल मात्र रजिस्टरांचं वाटप ठरवताना जमेस धरलेलाच नसतो. बोलावणाऱ्याने आरडीआय, आरएसआय, आरडीएक्स, आरसीएक्स, आर८, आर९ मध्ये सहा आर्ग्युमेंटं मांडून ठेवलेली असतात आणि फंक्शनने अजून एकालाही हात लावलेला नसतो. नेमक्या त्या क्षणी आपण मध्ये शिरतो. ताटं वाढून झाली आहेत, जेवणारा पाटावर बसायचा आहे, आणि त्या मधल्या वेळात तुम्हाला स्वयंपाकघरातून जाऊन यायचं आहे. एकही वाटी हलता कामा नये.

म्हणून एफट्रेस_कॉलर ही सहा रजिस्टरं साठवतं, सोबत आरएएक्स आणि आरबीपी. आरएएक्स का, असं मला पूर्वी वाटायचं. फंक्शन बोलावण्याच्या ठरलेल्या करारानुसार, किती आर्ग्युमेंटं येणार हे ठरलेलं नसलेल्या फंक्शनला बोलावताना त्याच्या खालच्या बाइटमध्ये व्हेक्टर रजिस्टरांची संख्या दिली जाते, म्हणजे फंक्शनच्या दाराशी ते रजिस्टर करारात रिकामं धरलेलं नाही. आरबीपी हवं, कारण फ्रेम पॉइंटरच्या आधारे स्टॅक उलगडताना साखळी तुटायला नको. आर१० आणि आर११ सोडून दिली जातात, कारण फंक्शनच्या दाराशी त्यांच्यात कुणाचं काही ठेवलेलं नसतं.

आता आरबीएक्स आणि आर१२ ते आर१५. त्यांचा नियम उलटा आहे: जो वापरेल त्याने पूर्ववत करून द्यायची. तुमचा कॉलबॅक सी मध्ये लिहिलेला आहे. त्याला आर१२ लागलं तर कंपायलर त्या कॉलबॅकच्या सुरुवातीला ते पुश करतो आणि शेवटी पॉप करतो. ट्रॅम्पोलिनने पुन्हा तेच करणं म्हणजे दुबार काम. कर्नल ती साठवत नाही, आणि तरीही ती सुखरूप असतात.

इथे एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट, कारण ती मला फार उशिरा समजली. जीसीसी या कंपायलरमध्ये 'आयपीए-आरए' नावाचं ऑप्टिमायझेशन आहे. बोलावलेलं फंक्शन त्याच फाइलमध्ये असेल आणि ते आर११ ला हात लावत नाही असं कंपायलरला दिसलं, तर बोलावणारा खुशाल आर११ मध्ये आपली किंमत ठेवून देतो. तसं झालं तर वरचा सगळा हिशोब कोसळेल, कारण आपण 'तिथे कुणाचं काही नसतं' असं धरून चाललो आहोत. सुदैवाने '-पीजी' लावलं की जीसीसी हे ऑप्टिमायझेशन स्वतःहून बंद करतं, आणि '-एमफेंट्री' सोबत '-पीजी' असतंच. पण कंपायलरच्या पर्यायांत कुणी काटछाट करत असेल तर त्याला हा मुद्दा दाखवायलाच हवा.

मग तुम्हाला दिसलेले भलते आकडे कुठून आले? एफट्रेस_कॉलर स्टॅकवर पूर्ण पीटी_रेग्ज (सगळ्या रजिस्टरांचा संच ठेवणारा स्ट्रक्चर) मावेल एवढी जागा घेतं: २१ रकाने, प्रत्येकी आठ बाइट, एकूण १६८ बाइट. पण भरतं फक्त गरजेचे. आरबीएक्स आणि आर१२ च्या रकान्यांत कुणी काही लिहितच नाही. तिथे स्टॅकवर आधी होऊन गेलेल्या एखाद्या फंक्शनचे अवशेष पडलेले असतात, तेच तुम्ही वाचलेत. कर्नल ५.११ च्या आधी हा गोंधळ व्हायला जागाच नव्हती: फ्लॅग लावला नसेल तर एक्स८६-६४ वर कॉलबॅकला रेग्जच्या जागी सरळ नल (रिकामा पॉइंटर) मिळायचा. ५.११ पासून 'एफट्रेस_रेग्ज' नावाचा वेगळा स्ट्रक्चर आला, ज्याचा अर्थच 'आर्ग्युमेंटं, स्टॅक पॉइंटर आणि इन्स्ट्रक्शन पॉइंटर यांची हमी. बाकीची नाही' असा आहे. पूर्ण संच भरला आहे का हे ओळखण्यासाठी सीएस (कोड सेगमेंट) रजिस्टरचा रकाना वापरतात. अर्धवट संचात तिथे मुद्दाम शून्य लिहिलेलं असतं, आणि 'एफट्रेस_गेट_रेग्ज' ते पाहून तुम्हाला नल देतं. तुम्ही ती पायरी ओलांडून आतल्या पीटी_रेग्जला थेट हात घातलात असं तुमच्या वर्णनावरून दिसतं. तो शॉर्टकट सोडा. आर्ग्युमेंट हवं असेल तर 'एफट्रेस_रेग्ज_गेट_आर्ग्युमेंट' वापरा. ते दोन्ही आर्किटेक्चरवर चालतं.

सेव्ह_रेग्ज लावल्यावर तुमचं फंक्शन एफट्रेस_रेग्ज_कॉलर कडे जातं. तिथे उरलेली रजिस्टरं भरली जातात आणि पहिल्याच सूचनेला पुशएफक्यू करून प्रोसेसरचे फ्लॅग्जही उचलले जातात, म्हणजे पुढच्या बेरीज-वजाबाकीने ते बदलण्याआधी. परतताना पॉपएफक्यू. काही जादा मूव्हचा भार फारसा नसतो. पॉपएफक्यू मात्र प्रोसेसरला खरोखर जड जातं. जे फंक्शन सेकंदाला लाखो वेळा चालतं तिथे हे जाणवतं.

तरीही मला शंका आहे की तुमचं मशीन मंदावण्याचं मुख्य कारण रजिस्टरं नाहीत. तुम्ही पाठवलेल्या कोडच्या तुकड्यात 'एफट्रेस_सेट_फिल्टर' चा कॉल मला दिसला नाही. फिल्टर नसेल तर तुमचा कॉलबॅक कर्नलमधल्या ट्रेस होऊ शकणाऱ्या प्रत्येक फंक्शनला जोडला जातो, आणि ती हजारोंनी असतात. 'अव्हेलेबल_फिल्टर_फंक्शन्स' या फाइलच्या ओळी मोजून बघा. आधी फिल्टर लावा, मग मोजा. हेही लक्षात घ्या की एका फंक्शनला कॉलची जागा एकच असते. त्याच फंक्शनवर दुसऱ्या कुणाचा कॉलबॅक असेल आणि तुमच्यापैकी एकानेही पूर्ण संच मागितला, तर तो भार त्या फंक्शनच्या प्रत्येक फेरीवर पडतो. 'एनेबल्ड_फंक्शन्स' फाइलमध्ये फंक्शनच्या नावापुढे 'आर' अक्षर दिसलं तर पूर्ण संच साठवला जातोय; 'आय' दिसलं तर कुणीतरी इन्स्ट्रक्शन पॉइंटर बदलण्याचा हक्क घेतलाय, बहुधा लाइव्हपॅच (चालू कर्नलमधली फंक्शनं बदलणारी सोय).

आता जो प्रश्न तुम्ही विचारला नाही पण मला विचारावासा वाटतो: आरबीएक्स तुम्हाला हवंय कशाला? फंक्शनच्या पहिल्या सूचनेच्या क्षणी आरबीएक्स त्या फंक्शनचं नसतंच. ते बोलावणाऱ्याचं असतं. बोलावणारे पाच असतील तर त्यात पाच वेगवेगळ्या अर्थांच्या किमती असतील, आणि कंपायलरची आवृत्ती बदलली की तेही बदलतील. तुम्हाला तुमच्या फंक्शनच्या आतलं एखादं स्थानिक चल बघायचं असावं, आणि डिसअसेंब्लीत ते आरबीएक्समध्ये दिसलं असावं. तसं असेल तर फेंट्री ही जागाच चुकीची. तिथे ते चल अजून जन्मालाही आलेलं नाही. फंक्शनच्या मध्यावर, योग्य ऑफसेटला (सुरुवातीपासूनच्या अंतरावर) केप्रोब, म्हणजे फंक्शनच्या आतल्या सूचनेवरही बसणारा कर्नलचा तपासबिंदू, लावा. तिथे आयएनटी३ या सापळा-सूचनेमुळे खरं एक्सेप्शन घडतं आणि सगळा संच आपोआप खरा मिळतो. महाग आहे, पण जे पाहिजे ते त्याच जागी आहे.

आर्म६४ चं आता सोपं होईल. तिथे प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला दोन नॉप ठेवले जातात. पहिल्याच्या जागी 'एक्स३० ची किंमत एक्स९ मध्ये ठेव' ही सूचना येते, दुसऱ्याच्या जागी ट्रॅम्पोलिनकडे जाणारा बीएल, म्हणजे तिथला कॉल. बीएल परतीचा पत्ता एक्स३० मध्येच लिहितं, त्यामुळे बोलावणाऱ्याचा पत्ता आधी उचलून ठेवावा लागतो. आणि एक्स९ यासाठी की फंक्शनच्या दाराशी ते मोकळं असतं. आर्ग्युमेंटं एक्स० ते एक्स७ मध्ये आणि मोठा स्ट्रक्चर परत करायचा असेल तर त्याचा पत्ता एक्स८ मध्ये. म्हणून एक्स० ते एक्स८, फ्रेम पॉइंटर, लिंक रजिस्टर, स्टॅक पॉइंटर आणि पीसी एवढंच साठवलं जातं. ६.२ पासून आर्म६४ ने पूर्ण संचाची सोय काढूनच टाकली. कारण मला फार पटतं: तिथे पीस्टेट नावाची प्रोसेसरची अवस्था एक्सेप्शनशिवाय अचूक उचलता येत नाही. म्हणजे पीटी_रेग्ज भरायचा तर त्यातला एक भाग रचलेला असणार. जे खरं देता येत नाही ते द्यायचंच नाही, असं त्यांनी ठरवलं. त्यामुळे सेव्ह_रेग्ज मागितलं की ईइनव्हॅल मिळतं. 'सेव्ह_रेग्ज_इफ_सपोर्टेड' मागितलंत तर नोंदणी होईल, पण मग नल येण्याची शक्यता कॉलबॅकमध्ये सांभाळावी लागेल.

थोडक्यात इथपर्यंत: आर्ग्युमेंटं जपणं ट्रॅम्पोलिनचं काम, आरबीएक्स आणि आर१२ ते आर१५ जपणं कॉलबॅकच्या कंपायलरचं काम, आणि पूर्ण संच हा फक्त दाखवण्यासाठी किंवा केप्रोबसारख्या ग्राहकांसाठी.

राहिलं स्वतःचं ट्रॅम्पोलिन. ५.५ पासून 'रजिस्टर_एफट्रेस_डायरेक्ट' आहे. त्यात कॉल थेट तुमच्या असेंब्लीवर येतो आणि जपण्याची सगळी जबाबदारी तुमची. कर्नलच्या सोर्समध्ये 'सॅम्पल्स/एफट्रेस' या फोल्डरात याचे छोटे नमुने आहेत. पहिला 'वेक_अप_प्रोसेस' वर बसतो. त्या फंक्शनला एकच आर्ग्युमेंट आहे, म्हणून ट्रॅम्पोलिन फ्रेम उभी करतं, फक्त आरडीआय पुश करतं, सी फंक्शन बोलावतं, पॉप करतं आणि परततं. इतकं आटोपशीर लिहिता येतं ते सिग्नेचर माहीत असल्यामुळेच.

पण याच फोल्डरातला दुसरा नमुना मी प्रत्येक नव्या सहकाऱ्याला दाखवतो. तो 'हँडल_एमएम_फॉल्ट' वर बसतो. लिहिला तेव्हा त्या फंक्शनला तीन आर्ग्युमेंटं होती आणि नमुना तीन रजिस्टरं जपायचा. २०२० च्या ५.९ आवृत्तीत त्या फंक्शनला चौथं आर्ग्युमेंट मिळालं. नमुन्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. आरसीएक्स उघडं राहिलं ते २०२३ मध्ये दुरुस्ती येईपर्यंत. कंपायलरने काही सांगितलं नाही, कारण असेंब्लीतल्या पुशची संख्या आणि सी मधली सिग्नेचर यांना जोडणारा दुवाच नाही.

माझ्याकडूनही हेच घडलं आहे. एका नेटवर्क ड्रायव्हरच्या तपासासाठी मी लिहिलेलं ट्रॅम्पोलिन आरडीआय आणि आरएसआय जपत होतं. फंक्शनला आर्ग्युमेंटं तीन होती. कॉलबॅक फक्त एक काउंटर वाढवायचा, आरडीएक्सला तो हातच लावत नसे, त्यामुळे कित्येक आठवडे सगळं सुरळीत चाललं. मग एके दिवशी मी त्यात एक ट्रेस_प्रिंटके (ट्रेसमध्ये ओळ छापणारा कॉल) घातला. त्याने आरडीएक्स वापरलं, आणि ऊप्स (कर्नलने नोंदवलेली गंभीर चूक) आला तो माझ्या कोडमध्ये नव्हे, तर ट्रेस होणाऱ्या निरपराध फंक्शनमध्ये, दोन पायऱ्या खोल. ड्रायव्हरच्या लेखकाला मी त्याच्या कोडमध्ये चूक असल्याचं कळवलंही होतं. नंतर माफी मागितली. त्या दिवसापासून मी स्वतःच्या ट्रॅम्पोलिनमध्ये फंक्शन कितीही आर्ग्युमेंटांचं असो, सहाच्या सहा रजिस्टरं जपतो. चार जादा पुशने माझं काही बिघडत नाही.

चाचणीही तशीच निर्दय हवी. एक तात्पुरता कॉलबॅक लिहा, ज्यात इनलाइन असेंब्लीने आरएएक्स, आरसीएक्स, आरडीएक्स, आरएसआय, आरडीआय, आर८ ते आर११ या सगळ्यांत ओळखू येईल असा कचरा भरायचा, आणि ही रजिस्टरं बिघडतात हे कंपायलरला क्लॉबर यादीत सांगायचं. मग सहा आर्ग्युमेंटं घेऊन ती जशीच्या तशी छापणारं एक चाचणी फंक्शन ट्रेस करा. जपणुकीत भोक असेल तर पहिल्याच फेरीत दिसेल, आठवड्यांनी नाही.

जिथे शक्य असेल तिथे मी हल्ली हाताने ट्रॅम्पोलिन लिहितच नाही. बीपीएफचे (कर्नलमध्ये छोटे तपासलेले प्रोग्रॅम चालवणारी सोय) 'फेंट्री' प्रोग्रॅमही ५.५ पासून आहेत. त्यात कर्नल बीटीएफच्या (कर्नलमधल्या फंक्शनांच्या सिग्नेचर आणि प्रकारांची नोंद) माहितीवरून फंक्शनची आर्ग्युमेंटं मोजतं आणि तेवढ्याच रजिस्टरांसाठी ट्रॅम्पोलिन जागच्या जागी तयार करतं. सिग्नेचर बदलली की बीटीएफ बदलतं, आणि ट्रॅम्पोलिनही. हँडल_एमएम_फॉल्टवाली चूक तिथे संभवत नाही.

दोन किरकोळ पण घातक गोष्टी. फ्लोटिंग पॉइंट आणि व्हेक्टर रजिस्टरं यातलं काहीही साठवत नाही. कर्नलचं सी कोड ती वापरत नाही अशा पर्यायांनीच बांधलेलं असतं, आणि त्या क्षणी त्यात युजरच्या प्रोसेसच्या किमती असू शकतात. कॉलबॅकमध्ये दशांश गणित करू नका. आणि एफट्रेस_रेग्जमधले रकाने फक्त वाचा. परतताना रजिस्टरं त्याच रकान्यांतून भरली जातात, त्यामुळे तिथे लिहिलेला आकडा मूळ फंक्शनचं आर्ग्युमेंट बनतो. लाइव्हपॅच इन्स्ट्रक्शन पॉइंटर याच वाटेने वळवतं, पण ते त्यासाठी रीतसर परवानगीचा फ्लॅग लावून.

फंक्शनची परतीची किंमत हवी असेल तर हिशोब पुन्हा वेगळा: तेव्हा आर्ग्युमेंटं संपलेली असतात आणि जपायचं असतं ते आरएएक्स आणि आरडीएक्स, कारण १२८ बिटांची किंमत या दोघांत मिळून परत येते.

तुमच्या जागी मी असतो तर आज एवढंच केलं असतं: सेव्ह_रेग्ज काढलं असतं, फिल्टर लावला असता, आर्ग्युमेंटं ठरलेल्या फंक्शनने वाचली असती, आणि ते मॉड्यूल न बदलता आर्म६४ वर चालवून पाहिलं असतं. त्यानंतरही आरबीएक्स लागत असेल तर फंक्शनची डिसअसेंब्ली आणि तुम्हाला हवं असलेलं चल कळवा; केप्रोब कुठल्या ऑफसेटला बसवायचा ते आपण मिळून काढू.